एकमेक म्हणजे पाव

तुर्कस्तानातल्या इझमीरला राहायला गेलो तेव्हाची गोष्ट. सामान अजून खोक्यांतच होतं. दारावर टकटक झाली. उघडून पाहते तर खालच्या मजल्यावरच्या आजीबाई उभ्या, हातात कागदात गुंडाळलेला गरम पाव. तो माझ्या हातात ठेवत त्या म्हणाल्या, "एकमेक." शब्द इतका ओळखीचा वाटला की मी जागीच थबकले. तुर्कीत एकमेक म्हणजे पाव, रोजचा पाव. पण अनोळखी गावात पहिल्या दिवशी शेजारीण दाराशी येते आणि आपल्याच भाषेतला 'एकमेक' म्हणते, ही आठवण मी जपून ठेवली आहे.

इमारतीतले सगळे त्यांना तेय्‌झे म्हणत. तेय्‌झे म्हणजे आईची बहीण, मावशी. नात्याची असो नसो, वयानं मोठ्या बाईला तिकडे तेय्‌झेच म्हणतात. आपण भाजीवालीला, कामाच्या बाईला, एस्टीत शेजारी बसलेल्या बाईला मावशी म्हणतो तसंच. पुढची दोन वर्षं माझी तुर्कीची शाळा म्हणजे तेय्‌झेंच्या स्वयंपाकघराचा ओटा. त्या एकेक वस्तू हातात धरायच्या, नाव सांगायच्या, मी मागून म्हणायचे. त्यातले कितीतरी शब्द मला आधीच येत होते. ते का येत होते, हेच इथे नीट उलगडून सांगायचं आहे, कारण याबाबत बराच घोळ दिसतो.

'मराठीत आलेले तुर्की शब्द' अशा याद्या फिरत असतात. त्यात दुकान, पडदा, बाजार, सरबत, चादर, हिशेब असं सगळं एकत्र घातलेलं असतं. हे शब्द तुर्कीत आहेत, खरं आहे. मराठीतही आहेत. पण तुर्कांनी ते आपल्याला दिलेले नाहीत. ते मूळचे फारसी, नाहीतर अरबी असून फारसीतून पुढे गेलेले. एकाच बोहारणीकडून दोन घरांनी भांडी घेतली, म्हणून काही त्या दोन घरांनी एकमेकींना भांडी दिली असं होत नाही. तसंच हे.

तुर्क मध्य आशियातून आले. सेल्जुक तुर्कांनी आधी इराणवर राज्य केलं आणि मग १०७१ मध्ये मलाझगिर्तची लढाई जिंकून आजच्या तुर्कस्तानच्या भूमीत, अनातोलियात, पाय रोवले. वाटेत दरबाराची, कवितेची, बागांची आणि मेजवानीची भाषा म्हणून फारसी त्यांच्या अंगी मुरली. इकडे दख्खनमध्ये १३४७ पासून बहामनी राजवट, मग निजामशाही, आदिलशाही. कारभार फारसीत. पाटील-कुलकर्ण्यांच्या कागदांतून ते शब्द गावात आले, गावातून चुलीपर्यंत पोचले. म्हणून इझमीरच्या आणि सोलापूरच्या घरात एकाच फारसीचे अवशेष सापडतात.

तेय्‌झेंच्या घरात खिडकीला पेर्दे होता, म्हणजे पडदा. चुलीवर तावा. तिकडचा तावा जरा खोलगट, तळणीसारखा असतो. ताटलीला तबाक. आपण पूजेचं, विड्याचं तबक म्हणतो तेच. पाण्याच्या उंच मानेच्या काचेच्या भांड्याला स्युराही. आपली सुरई मातीची, त्यांची काचेची, पण मान दोघींची सारखीच. बाटलीला शिशे. लहानपणी घरात औषधाची शिशी असायची, ती ही. पलंगावरच्या चादरीला चार्शाफ. फारसीत 'चादर-ए-शब', म्हणजे रात्रीची चादर. बोलता बोलता ती आखडली आणि चार्शाफ झाली. पातळ सार, सूप, काहीही वाटीतून प्यायचं असेल तर चोर्बा, म्हणजे शोरबा. आपल्याकडे काही भागांत मटणाच्या पातळ रश्श्याला शेरवा म्हणतात, तोही याच घरचा.

मात्र ओळखीचा शब्द दिसला की लगेच विश्वास टाकू नये. पेय्‌नीर म्हणजे पनीर, असं समजून मी तुकडा तोंडात टाकला तर तो खारट होता. तिकडचं पांढरं पेय्‌नीर मिठाच्या पाण्यात मुरवलेलं असतं आणि ते सकाळी टोमॅटो-काकडीबरोबर खातात. त्याची भाजी होत नाही. मेय्‌वे म्हणजे मेवा, पण सुका नव्हे. ताजी फळं म्हणजे मेय्‌वे. सेब्झे म्हणजे भाजी. फारसी सब्ज म्हणजे हिरवं, आपला सब्जा त्यातलाच. पाझार म्हणजे बाजार, शिवाय आठवड्यातला रविवारही पाझारच. आणि देफ्तेर म्हणजे वही. आपल्याकडे वह्या ज्यात घालून पोरं शाळेत जातात ते दप्तर, तिकडे दप्तराच्या आत असते ते देफ्तेर. शब्द तोच. कुणी वहीला धरून राहिलं, कुणी वह्यांच्या पिशवीला.

हे झालं समाईक सामान. आता दुसरा गठ्ठा, मला सगळ्यात प्रिय असलेला: आपल्याकडून चालत तिकडे गेलेले शब्द.

वांगं घ्या. संस्कृतात वातिंगण. त्यातून प्राकृतात घसरत घसरत मराठीत वांगं उरलं. तोच शब्द पश्चिमेला निघाला तो फारसीत बादिंजान झाला, अरबांनी तो उचलला, तुर्कीत पात्लिजान झाला. अरबांकडून स्पेन-पोर्तुगालला गेला, तिथे बेरिंजेला झाला, आणि पोर्तुगीज जहाजांतून परत आपल्याच किनाऱ्यावर उतरला तो इंग्रजाळलेला ब्रिंजल होऊन. वांगं आणि ब्रिंजल सख्खी भावंडं आहेत, एक घरी राहिलं, एक जग फिरून आलं. तुर्कस्तान त्या वाटेवरचा मोठा मुक्काम. तिथे वांग्यावर जेवढं प्रेम करतात तेवढं मी खानदेशातच पाहिलं आहे. तेय्‌झे वांगं मधोमध चिरून आत खिमा भरायच्या, त्या पदार्थाचं नाव 'कार्नियारिक', म्हणजे पोट चिरलेलं. बिनमांसाचं, कांदा-टोमॅटो भरून भरपूर ऑलिव्ह तेलात शिजवलेलं, 'इमाम बायिल्दी', म्हणजे इमामाला भोवळ आली. चवीनं आली की तेलाच्या खर्चानं, यावर तिथे प्रत्येकाची वेगळी गोष्ट आहे.

शर्करेची साखर झाली, तिकडे शेकेर. रमजाननंतरच्या ईदेला तर ते शेकेर बायरामी म्हणतात, साखरेचा सण. केळ्याला मूझ. (हा झ 'झरा'मधला.) तो अरबीतून आला आणि अरबीत गेला तो केळीच्या संस्कृत 'मोच' या नावावरून. मिऱ्याला बिबेर. पिप्पलीतून ग्रीक, ग्रीकमधून तुर्की. पुढे अमेरिकेतून मिरची आली, तिलाही बिबेरच म्हणू लागले. मग वेगळं सांगण्यासाठी मिऱ्याला काराबिबेर, म्हणजे काळं, आणि लाल मिरचीला किर्मिझि बिबेर. किर्मिझि म्हणजे लाल. आपला किरमिजी रंग हाच. ज्या किड्यापासून तो रंग काढत त्याचं नाव फारसीत किर्म, आपल्याकडे कृमी.

आणि नारळ! नारिकेल फारसीत नार्गील झाला. पूर्वी हुक्क्याच्या खालचं पाण्याचं भांडं नारळाच्या करवंटीचं करत, म्हणून तुर्कीत त्या सगळ्या हुक्क्यालाच नार्गिले नाव पडलं. म्हणजे नारळ हा शब्द तुर्कस्तानात पोचला तो धूर काढत. मग खोबऱ्याच्या खऱ्या नारळाला काय म्हणायचं? हिंदिस्तान जेविझी. हिंदुस्थानचा अक्रोड.

तुर्की स्वयंपाकघरात असे देश जागोजागी ठेवलेले आहेत. संत्र्याला पोर्ताकाल म्हणतात, कारण गोड संत्री पोर्तुगिजांच्या व्यापारातून आली. मक्याला मिसिर, आणि मिसिर हेच इजिप्तचं नाव. मका अमेरिकेतला, पण तिकडे तो 'इजिप्तचा गहू' म्हणून ओळखला गेला आणि पुढे गहू गळून नुसता इजिप्त उरला. दालचिनीला तार्चिन. फारसी दारचीन, चीनचं लाकूड. आपल्या दालचिनीतही चीन आहेच. सगळ्यात मजेशीर म्हणजे टर्की हा पक्षी. इंग्रजांना तो तुर्कांचा वाटला. तुर्कांना वाटला हिंदुस्थानचा, म्हणून तुर्कीत त्याचं नाव हिंदी. फ्रेंचांचंही मत तेच, त्यांच्या नावातही हिंदुस्थान आहे. पोर्तुगीज त्याला पेरू देशाचं नाव देतात. पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेचा. म्हणून कुणी तिकडे जाणार असेल तर लक्षात ठेवावं: ओळख करून देताना 'मी हिंदी' म्हणू नये, 'हिंतलीयिम' म्हणावं किंवा 'हिंदिस्तानलीयिम'.

आता तिसरा गठ्ठा, खरोखर तुर्की मुळाचे आणि मराठीत रुजलेले शब्द. हा गठ्ठा लहान आहे, पण घरातला एक खण त्यानं भरला आहे. चाकू. तिकडे चाकी म्हणजे घडीचा चाकू. कैची. इस्तंबूलकडे आज कात्रीला अरबी वळणाचा माकास म्हणतात, पण शेजारच्या अझरबैजानीत अजून कायची आहे. चकमक. चाकमाक म्हणजे ठिणगी पाडणं, आणि आज तिकडे सिगरेट-लायटरला चाकमाक म्हणतात. आपल्याकडे गारगोटीवर लोखंड आपटून विस्तव पाडायचं ते चकमक, आणि तलवारींच्या ठिणग्या उडतात तीही चकमक. खिमा. कियमाक म्हणजे बारीक तुकडे करणं, त्यावरून कियमा. बावर्ची हा शब्दही तुर्की-मंगोल छावण्यांतून आलेला, जरी तुर्कस्तानात आज आचाऱ्याला आश्ची म्हणतात. हे सगळे शब्द सैन्याच्या तळावरचे आहेत: चाकू, कात्री, विस्तव, मांस, आचारी. फारसीनं आपल्याला दरबार दिला, तुर्कीनं छावणी.

आणि चमचा. अनातोलियाच्या खेड्यांत लाकडी डावाला च्योम्चे म्हणतात. पाऊस लांबला की तिथली पोरं हा डाव घेतात, त्याला कापडं नेसवून बाहुली करतात आणि 'च्योम्चे गेलिन', म्हणजे डावाची नवरी, म्हणून दारोदार फिरवतात. बायका घरातून पाणी आणून बाहुलीवर ओततात, पोरांच्या झोळीत दलिया, लोणी घालतात. हे तेय्‌झेंनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आमच्या गावातला कडुलिंबाचा पाला गुंडाळलेला पोरगा आला, 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत दारासमोर उभा आणि आजी कळशी घेऊन बाहेर येते आहे. या दोन चालींचा संबंध असल्याचा दावा मी करत नाही. कोरड्या मुलखातल्या माणसांना पाऊस मागायचा तर काय सुचणार, तेच दोन्हीकडे सुचलं असेल.

फारसी, अरबी, ग्रीक सगळं बाजूला काढलं तर तुर्कांचं स्वतःचं काय उरतं? पाणी, सू. दूध, स्युत. मांस, एत. मीठ, तूझ. मध, बाल. पीठ, उन. अंडं, युमुर्ता. पाव, एकमेक. घोड्यामेंढ्यांच्या मागे फिरणाऱ्या लोकांना जे लागतं ते सगळं यात आहे, बागेतलं त्या मानानं कमी. दही हा त्यांचा जगाला दिलेला शब्द. लिहिताना योगुर्त, पण मधला ग आता उच्चारात विरघळला आहे, म्हणून कानाला योउर्त. घट्ट होणं, मळणं या अर्थाच्या धातूवरून तो बनला. दह्यात पाणी आणि मीठ घालून घुसळलं की आयरान, आपलं ताक. महमूद काश्गरी यानं १०७० च्या दशकात बगदादमध्ये अरबी वाचकांसाठी तुर्की भाषांचा मोठा कोश लिहिला, त्यात योगुर्तही आहे आणि आयरानही. दह्यात काकडी, लसूण आणि पुदिना घालून कोशिंबिरीसारखं करतात त्याला जाजिक. आणि कायमाक म्हणजे साय. अफ्योन गावची म्हशीच्या दुधाची कायमाक नावाजलेली. जाड साय गुंडाळी करून विकतात, मधाबरोबर खातात. त्या गावाच्या नावातला अफ्योन म्हणजे आपली अफू, तिथे खसखशीची शेती फार जुनी.

किनाऱ्यावर आल्यावर ग्रीकांशी शेजार घडला. भट्टीला फिरिन, किल्लीला आनाह्तार, घेवड्याला फासुल्ये, चेरीला किराझ, आणि समुद्रातल्या माशांची बरीच नावं ग्रीक. नंतर युरोपातून माकार्ना आली, सालाता आली. बटाट्याला पातातेस. आपला बटाटा पोर्तुगीज, त्यांचा युरोपातून फिरून आलेला, मूळ दोघांचं अमेरिकेतलं.

एका गोष्टीसाठी मराठी माणसाला तुर्की लगेच जवळची वाटेल, ती म्हणजे भात. हिंदीत डब्यात चावल, ताटातही चावल. आपण तसं खपवून घेत नाही. शेतात साळ, डब्यात तांदूळ, ताटात भात. तुर्कीतही तीन पायऱ्या: चेल्तिक, पिरिंच, पिलाव. 'पिरिंच खाल्ला' म्हटलं तर तेय्‌झे हसून दात दाखवायच्या, कच्चे तांदूळ चावल्याची खूण करत. पिरिंच हा फारसीतून आलेला शब्द आपल्या व्रीहीचा नातलग आहे. गंमत अशी की तुर्कीत पितळेलाही पिरिंचच म्हणतात.

आता शब्द बनतात कसे ते पाहू, कारण ही किल्ली हाती लागली की पाठांतर निम्मं होतं. तुर्की भाषा शब्दाच्या शेपटाला डबे जोडत जाते, आगगाडीसारखी. त्यातला स्वयंपाकघरातला सगळ्यात उपयोगी डबा म्हणजे 'लिक', एखाद्या वस्तूसाठीची जागा किंवा साधन. शेकेर साखर, शेकेरलिक साखरेचं भांडं. मीठ तूझ, मिठाची दाणी मात्र तूझलूक. ग्योझ म्हणजे डोळा, ग्योझल्युक चष्मा. लिक, लूक, ल्युक हे वेगवेगळे प्रत्यय नाहीत, एकच आहे. आधीच्या शब्दात शेवटचा स्वर जो असेल त्याच्या सुरात प्रत्ययाचा स्वर मिसळतो. 'ए'नंतर लिक, 'ऊ'नंतर लूक. गाण्यात साथीदारानं मुख्य गायकाच्या पट्टीत सूर लावावा तसं. आपल्याला हे अवघड वाटायला नको. घर-घरात, वाडा-वाड्यात, गाव-गावात म्हणताना आपणही प्रत्ययाआधी शब्दाला वळण देतो. आपण शब्द वळवतो, ते प्रत्यय वळवतात.

दुसरा डबा 'ली', म्हणजे 'असलेलं', आणि त्याच्या उलट 'सिझ', 'नसलेलं'. शेकेरली गोड, शेकेरसिझ बिनसाखरेचा. मधुमेही प्रवाशानं हा एक शब्द तरी पाठ करावाच. दूधवाला चहा हवा तर स्युतल्यु, पण तो मागितलात की लोक काळजीनं तुमच्याकडे पाहतील. तिकडे चहात दूध घालत नाहीत. तिसरा डबा 'जी' किंवा 'ची', तो धंदा सांगतो. चायजी चहावाला, बालिक म्हणजे मासा आणि बालिकची मासेवाला. हा डबा तर थेट मराठीत येऊन लागला आहे. मशालजी, खजांची, बावर्ची यांची शेपटं तुर्की आहेत.

दोन नामं जोडून वस्तूचं नाव करायचं असेल तर दुसऱ्या शब्दाला एक छोटा स्वर लागतो. बूझ म्हणजे बर्फ, दोलाप म्हणजे कपाट. बूझदोलाबी, म्हणजे फ्रीज. शेवटचा 'ई' सांगतो की हे दोन्ही एक आहेत, आणि स्वर लागताच 'प' मऊ होऊन 'ब' होतो. एवढं कळलं की दुकानातल्या पाट्या आपोआप वाचता येतात. वाचताना एकच काळजी. तुर्कीची आजची लिपी रोमन आहे, पण तिच्यातलं 'सी' हे अक्षर 'ज' वाचायचं. खाली शेपटी असलेला सी म्हणजे 'चार'मधला च, शेपटीवाला एस म्हणजे श. टिंबाशिवायचा आय हा आपल्याकडे नसलेला स्वर. 'इ' म्हणायला जावं आणि जीभ मागे ओढून घ्यावी. इथे तो मी 'इ'नंच लिहिला आहे.

चहाची किटली घेऊ. तिला चायदानलिक म्हणतात. 'दान' हा फारसी प्रत्यय, भांडं या अर्थाचा. आपली फुलदाणी, अत्तरदाणी, चहादाणी त्याच्याच. आणि 'लिक' तर आपण आत्ताच पाहिला, तोही भांड्याचाच. म्हणजे चायदानलिक हा शब्द 'चहा-भांडं-भांडं' झाला. आपला पिवळा पीतांबरच. आणि खरोखरच ती किटली दुहेरी असते. खालच्या भांड्यात पाणी उकळतं, वरच्या लहान भांड्यात चहापत्तीचा दाट अर्क वाफेवर मुरत राहतो. बारीक कमरेच्या पेल्यात आधी अर्क, मग गरम पाणी. रंग बरोबर उतरला की तेय्‌झे पेला उजेडात धरून म्हणायच्या, 'तावशान कानी'. सशाचं रक्त! ऐकायला कसंतरी वाटतं, पण चहाच्या रंगाची याहून मोठी तारीफ तिकडे नाही. पत्ती येते काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागातून.

कॉफीचा मान वेगळा. न्याहारीला काह्‌वाल्ति म्हणतात. काह्‌वे म्हणजे कॉफी, आल्त म्हणजे खाली. कॉफीच्या आधी पोटाला आधार म्हणून जे खायचं ते काह्‌वाल्ति. तपकिरी रंगाचं नावही काह्‌वेरेंगी, कॉफीचा रंग. तुर्की कॉफीची परंपरा २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. पण मला भिडली ती त्यांची म्हण: एका कप कॉफीची चाळीस वर्षं 'हातिर' असते. हातिर म्हणजे आपली खातर. पाहुण्यांची खातर करतो ती, 'माझ्या खातर एवढं कर' म्हणतो ती. एखाद्यानं एकदा कॉफी पाजली तर चाळीस वर्षं त्याचा शब्द मोडायचा नाही. ही म्हण मला कुणी समजावून द्यावी लागली नाही.

एक प्रश्न मला नेहमी पडतो. तुर्कस्ताननं भाषाशुद्धी केली ती किती कडक. १ नोव्हेंबर १९२८ ला अरबी लिपी सोडून रोमन लिपीचा कायदा झाला. १९३२ मध्ये भाषा संस्था स्थापन झाली आणि अरबी-फारसी शब्दांच्या जागी तुर्की शब्द घडवायला सुरुवात झाली. शाळेचं मेक्तेप जाऊन ओकुल आलं, शिक्षकाचा मुआल्लिम जाऊन ओरेत्मेन. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, विसाव्या शतकात सावरकरांनी नवे शब्द दिले, महापौर आणि दिनांक आज सहज वापरतो. दोन्ही भाषांनी दरबार, कचेरी, शाळा झाडून घेतली. मग शेकेर, पेर्दे, पिलाव, तबाक यांना धक्का का लागला नाही? आणि आपल्याकडे पडदा, तवा, तबक, सुरई तशीच का राहिली? मला वाटतं, कचेरीचा शब्द हुकमानं बदलता येतो, कारण तो कागदावर राहतो. चुलीजवळचा शब्द आईच्या तोंडून येतो. पोराला तहान लागलेली असताना आई कोश उघडत नाही. महिन्याचं नाव मात्र त्यांनी चुलीवरून घेतलं. १९४५ पासून जानेवारीला तुर्कीत ओजाक म्हणतात, आणि ओजाक म्हणजे चूल. घर, कुटुंब, वंश या सगळ्यालाही ओजाक. 'ओजाक विझणे' म्हणजे घराणं संपणं. वेगळी चूल मांडणाऱ्यांच्या भाषेला हे सांगायला नको.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात तेय्‌झेंची बहीण गेली. संध्याकाळी खाली गेले तर स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं, मोठ्या तेंजेऱ्यात, म्हणजे पातेल्यात, रवा भाजणं चाललेलं. लोण्यात, मंद आचेवर, चिलगोज्यांसारख्या लहान दाण्यांबरोबर. कुणी फार बोलत नव्हतं. एकेक बाई पुढे यायची, डाव हातात घ्यायची, ओठांतल्या ओठांत गेलेल्या बाईसाठी काहीतरी म्हणायची, चार वेळा ढवळायची आणि डाव पुढचीच्या हाती द्यायची. माझी पाळी आली, मीही ढवळलं. मग उकळतं दूध-साखर ओतलं तेव्हा जो चर्र आवाज झाला आणि जो वास आला तो थेट आमच्या घरच्या सत्यनारायणाचा होता. मी नकळत म्हणाले, "शिरा." तेय्‌झेंनी मान हलवली. त्यांच्या भाषेत शिरा म्हणजे द्राक्षाचा गोड रस. डोळे पुसत त्यांनी मला शिकवलं, "शिरा नाही. हेल्वा. इर्मिक हेल्वासी." इर्मिक म्हणजे रवा. तोच पदार्थ आपण पूजेला करतो, ते माणूस गेल्यावर करतात आणि शेजारीपाजारी वाटतात.

माझ्या वाट्याचा तबाक भरून त्यांनी वर पाठवला. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत तिकडेही आहे. तीन दिवसांनी मी पुरणपोळ्या केल्या, चार त्या तबाकात ठेवल्या आणि खाली गेले. तेय्‌झेंनी एक मोडून आत पाहिलं. मला तेव्हाही नीट वाक्य जोडता येत नव्हतं, म्हणून नुसतीच नावं सांगत गेले. उन. नोहुत, म्हणजे हरभरा. शेकेर. काकुले, म्हणजे वेलदोडा. प्रत्येक शब्दाला त्या मान डोलवत होत्या. मग त्यांनी घास घेतला, बराच वेळ चावला, आणि जेवू घालणाऱ्याला तिकडे म्हणतात तसं 'एलिने साल्लिक' म्हणाल्या, तुझ्या हातांना आरोग्य लाभो. नाव विचारलं नाही. आतून सून डोकावली तेव्हा तिला पोळी दाखवून त्यांनी स्वतःच नाव ठेवून टाकलं. 'नोहुत'मधल्या उकाराच्या सुरात 'ली'चा 'लू' अगदी अचूक लावत त्या म्हणाल्या, "नोहुतलू एकमेक."